भुकेल्यांसाठी मारलेले ठोसे

मित्रांनो, मी एक जुना बॉक्सिंग ग्लोव्ह आहे, उजव्या हाताचा. माझी शिवण उसवली आहे आणि पोटातले घोड्याचे केस बाहेर डोकावतात.

माझा जन्मच मारातून झाला. कारखान्यात माझं कातडं बडवून बडवून मऊ केलं, आरीनं भोकं पाडली आणि दोऱ्यानं करकचून शिवलं. शिवणारी बाई हसून म्हणाली, "जा आता, फोड लोकांची थोबाडं!" मी तेच केलं.

एका व्यायामशाळेच्या मास्तरांनी मला विकत आणलं आणि आपल्या लाडक्या चेल्याच्या हाती दिलं. सगळे त्याला थोरला म्हणत. एकदा मी एका धिप्पाड ट्रकवाल्याचा जबडा सरकवला, तेव्हा लोकांनी थोरल्याला खांद्यावर घेतलं आणि माझे मुके घेतले. खोटं कशाला बोलू, मला रक्ताची चटक लागली होती.

थोरल्याचा धाकटा भाऊही मास्तरांकडेच शिकला. वडील गेले आणि टायरच्या दुकानावरून दोघांचं बिनसलं. दुकानाच्या मधोमध भिंत आली. एकदा तर दोघं पहारी घेऊन एकमेकांवर धावले. धाकट्याचं मनगट मोडलं, थोरल्याच्या कपाळाला टाके पडले. आई वरच्या माडीवर एकटी राहायची. ती कोणाचीच बाजू घेत नसे.

अशातच व्यायामशाळेमागच्या खोलीत राहणारे म्हातारे शिंपीकाका दिसेनासे झाले. दार फोडलं तर आत प्रेत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फळीवरचे रिकामे डबे उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "मास्तर, आजारानं नाही गेले हे. उपासमारीनं गेले."

मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी स्वयंपाकघर काढायचं, त्यासाठी तिकीट लावून लढत ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

"पण तिकीट काढून येणार कोण?" नर्सबाईंनी विचारलं.

"ते दोघं भाऊ लढले तर अख्खं गाव लोटेल," मास्तर बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. भाऊ तर एका पायावर तयार झाले.

गाव खरंच लोटलं. व्यायामशाळेमागच्या नव्या स्वयंपाकघरात एका स्वयंपाकीणबाईंनी त्याच संध्याकाळी चूल पेटवली होती. तिथं म्हातारी माणसं ताटं घेऊन रांगेत उभी, आणि इकडे दिवाणखान्याएवढ्या रिंगणात आम्ही.

पहिल्याच फेरीत मी धाकट्याचा डोळा बंद केला. त्यानं थोरल्याच्या नाकावर असा ठोसा हाणला की वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. रक्त माझ्यावर उडालं. मी बरगड्यांवर आदळलो, कानावर आदळलो, पुन्हा बरगड्यांवर. "फोड त्याला! सोडू नको!" लोक ओरडत होते. भुकेल्यांना मदत म्हणून आलेली हीच माणसं!

धाकटा गुडघ्यांवर कोसळला. पडलेल्याला मारायचं नाही, हा नियम. थोरला थांबला नाही. मास्तर मध्ये पडले, त्यांनाही त्यानं ढकलून दिलं. धाकट्याच्या तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. थोरल्यानं मला खांद्यामागे नेलं आणि सगळा जोर लावून सोडलं.

इतक्यात दोरांखालून कुणीतरी आत शिरलं. हातात रिकामं ताट होतं. थोरल्यानं कसाबसा हात वळवला, तरी मी त्या खांद्याला घासून गेलोच. म्हातारी धप्पकन खाली पडली. ताट खणखणत गेलं.

"आई! तू इथं कशी?" थोरला म्हणाला.

"जेवायला आले होते. आरडाओरडा ऐकला."

"जेवायला? तू धाकट्याकडे जेवतेस ना?"

धाकट्यानं सुजलेलं तोंड वर केलं. "माझ्याकडे? आई, तू तर म्हणायचीस, थोरल्याकडून डबा येतो!"

"मग काय सांगू?" आई म्हणाली. "एकाच्या घरचं खाल्लं तर दुसरा पहार घेऊन उठतो. म्हणून दोघांनाही सांगायची, जेवले म्हणून. कधी शेजारीण द्यायची चार घास, कधी नाही." मग तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "रांगेतला माझा नंबर जाईल रे. आधी मला जेवू द्या, मग मारा एकमेकांना."

थोरला तिला उचलायला वाकला, पण माझ्यामुळे त्याला तिचा हात धरता येईना. तो दातांनी माझी नाडी ओढू लागला. गाठ रक्तानं आणखीच आवळली. शेवटी आईनंच ती सोडवायला घेतली. तिची बोटं गार होती. दोनदा गाठ निसटली. थोरला लहान मुलासारखा हुंदके देत उभा होता. मग तिनं धाकट्याचेही ग्लोव्ह सोडवले.

स्वयंपाकीणबाईंनी तिघांना आत नेऊन चुलीजवळ जमिनीवर बसवलं. आईनं चार घास खाल्ले आणि पोट धरलं. सवयच राहिली नव्हती. रक्ताळलेल्या तोंडाची ती दोन धिप्पाड माणसं तिचा पुढचा घास कधी जातो, ते बघत बसली.

भाऊ एका दिवसात एक झाले नाहीत, मित्रांनो. भिंत अजून आहे, बोलणंही नाही. पण दुपारी थोरला डबा घेऊन जिना चढतो, संध्याकाळी धाकटा. आईचं ताट रिकामं झाल्याशिवाय कोणीच खाली उतरत नाही. स्वयंपाकघर मात्र तेव्हापासून चालू आहे.

थोरल्यानं मला पुन्हा हात लावला नाही. कित्येक दिवस मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. मग स्वयंपाकीणबाईंनी मला नेलं. मोठ्या पातेल्याचं तापलेलं झाकण सरकवायला मी बरा पडतो. चटके बसतात, पण इथं माझ्यामुळे कोणाचं नाक मोडत नाही.

मला जपा असं माझं म्हणणं नाही. एवढंच करा. तुमच्या घरातलं किंवा शेजारचं एखादं म्हातारं माणूस "माझं जेवण झालं" म्हणालं, तर मान डोलावून निघून जाऊ नका. आत जा, भांड्यावरचं झाकण उचलून बघा. भांडं रिकामं असेल तर तिथंच थांबा आणि चूल पेटवा.