पेठ नावाचं कॅलेंडर

"वहिनी, फुलं कुठवर आली?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. इंदिरानगरातल्या आपल्या फुलांच्या दुकानात दीपमाला झेंडूच्या माळा ओवत बसली होती. फोनवर चिमाजीभाऊ होते आणि त्यांच्या मागे रामकुंडावरचा गलबला ऐकू येत होता.

"कसली फुलं, भाऊ?"

"आवो, आज साळूचा दहावा नाय का! गुरुजी बसलेत, न्हाव्याचं बी झालं. तुमच्या फुलांसाठीच थांबलोय."

दीपमालाच्या हातातली सुई तशीच राहिली. "दहावा उद्या आहे ना भाऊ? माझ्या फोनात उद्याचा लागलाय."

चिमाजीभाऊ सावकाश म्हणाले, "तीन तारखेला गेली ती. शुक्रवारी. मोजा तुम्हीच."

तिने बोटांवर मोजलं. शुक्रवार एक, शनिवार दोन. आजच्या रविवारी बरोबर दहा झाले.

पांढरी शेवंती होती तेवढी पिशवीत कोंबून तिने रिक्षा केली. रामकुंडावर पोचली तेव्हा विधी उरकले होते. बायकोच्या दहाव्यासाठी डोकं भादरलेले चिमाजीभाऊ पायरीवर एकटेच बसले होते. त्यांना ओळखायलाच तिला वेळ लागला.

"घाटावरच्या बाईकडून घेतली दोन ओंजळी," ते म्हणाले. "तुम्ही वाईट नका वाटून घेऊ, वहिनी. साळूचं आपलं एकच म्हणणं हुतं, शेवंती जीवनच्या मळ्यातली आणा म्हणून. आता जीवनरावच नाय, तर तुम्ही एकट्या काय काय बघणार?"

त्यांनी पिशवीतली शेवंती काढून पाण्यात सोडली. एकदम नाही, एकेक फूल. दीपमाला त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमाजीभाऊंनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याचा फोन पुढ्यात घेतला. जीवन जाऊन अडीच महिने झाले होते, पण दुकानाच्या सगळ्या ऑर्डरी अजून त्याच्याच फोनवर येत. गिऱ्हाइकांकडे तोच नंबर, आणि कुठल्या दिवशी कुणाला काय द्यायचं तेही त्यातल्याच कॅलेंडरात.

ही कॅलेंडरची टूम त्यांच्या मुलीची, दिशाची. गेल्या दिवाळीत ऑर्डरींचा गोंधळ झाला तेव्हा तिने बापाला शेजारी बसवून एकाच फोनात तीन वेगवेगळी कॅलेंडरं करून दिली होती. लग्नाच्या ऑर्डरींचं हळदीसारखं पिवळं, देवळांच्या रोजच्या हारांचं भगवं आणि दहाव्याच्या फुलांचं राखाडी. जे बघायचं त्याच्यावर टिक करायची, बाकीच्यांची काढायची, म्हणजे नजरेला गर्दी होत नाही. बावन्न वर्षांचा जीवन आठ दिवसांत त्यात इतका तरबेज झाला की शेजारच्या वाण्यालाही शिकवायला लागला. बोटांनी लिहायचा कंटाळा, म्हणून तो फोनला तोंडानेच सांगायचा. फक्त दहाव्याला एक मेख होती. आजपासून दहा दिवसांनी म्हटलं की फोन दहा दिवस पुढचं लावायचा, कारण माणूस गेला तो दिवस त्याच्या हिशेबातच नसे.

"याला नऊ सांगायचं, मग दहावा बरोबर येतो," जीवन म्हणायचा. "यंत्राचं कधी कुणी मेलेलंच नाही. त्याला काय कळणार पहिला दिवस!"

साळूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा दीपमालाने दहा सांगितलं होतं. एवढीशी चूक.

आणखी अशा किती चुका करून ठेवल्यात ते बघावं म्हणून तिने राखाडी सोडून बाकीच्यांच्या टिका काढायला घेतल्या. त्यासाठी नावांची यादी उघडली. लग्न. देऊळ. दहावा. आणि अगदी खाली, टिक नसलेलं, हिरव्या रंगाचं चौथं.

पेठ.

तिने यादी बंद केली आणि पुन्हा उघडली.

नोव्हेंबरपासून जीवन अधूनमधून मंगळवारी पेठ गावी जायचा. "तिथल्या रोपवाल्या फकिराकडे झेंडूची रोपं सांगितलीत, बघून येतो." डिसेंबरात तर एकदा मुक्कामच करून आला. चेहरा उतरलेला, मनगटाला पट्टी. तार लागली म्हणाला. मग जानेवारीत एके दुपारी फकिराचा दुकानात फोन आला आणि तो नेमका दीपमालानेच घेतला. "शेठ लय दिवस झाले इकडं फिरकले नाय. दिवाळीच्या आधीपासून नाय. बरे हायेत ना?"

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण म्हणजे?"

"मंगळवारची."

जीवन हसेल, चिडेल, काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत होती. तो नुसताच "तसं काही नाही" म्हणाला आणि पायात चपला घालून खाली गेला. तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून सगळं दिशाच्या तोंडून. "तुझ्या बाबांना सांग, वाढलंय." पहाटे चार वाजता तो फूलबाजाराला निघायचा, तेव्हा ती रोज उठून चहा द्यायची. तो चहासुद्धा तिने रात्रीच थर्मासात भरून ठेवायला सुरुवात केली. एकोणीस दिवस हे चाललं. विसाव्या पहाटे जीवन बाजारात झेंडूच्या क्रेट उतरवताना खाली बसला तो उठलाच नाही. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. आधी काही त्रास होता का, असंही त्यांनी विचारलं, आणि दीपमालाने ठामपणे नाही म्हणून सांगितलं होतं. त्याच्या सामानाबरोबर थर्मास परत आला, अर्धा भरलेला.

या अडीच महिन्यांत ती रडली होती, पण मोकळेपणाने नाही. मधे ती मंगळवारची कोण, हा प्रश्न आडवा यायचा. मेलेल्या माणसाचा राग धरू नये हे तिला कळत होतं. राग जात नव्हता.

"दिशा," तिने हाक मारली. "हे काय आहे बघ."

दिशा आतून आली. येत्या आठ मेला तिचं लग्न. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून ठरलेली तारीख तशीच ठेवली होती. तिने फोन हातात घेतला. "हे मी नाही केलेलं. बाबांनीच केलं असेल. टिक नाहीये म्हणून दिसत नव्हतं. दुकानात सगळ्यांच्या हातात जायचा ना फोन." मग तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. "उघडू?"

"नको," दीपमाला म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "उघड."

दिशाने टिक केली. मागचे महिने सरकवले तशा तारखांवर हिरव्या पट्ट्या उमटत गेल्या. जीवन तोंडाने सांगायचा, त्यामुळे लिहिलेलं सगळं त्याच्याच बोलण्यातलं होतं. दिशा वाचायला लागली.

"चार नोव्हेंबर, मंगळवार. हार्टवाले डॉक्टर, अकरा वाजता. उपाशी जायचं." तिचा आवाज बदलला. "अठरा नोव्हेंबर. टूडी इको. सोळा डिसेंबर. अँजिओग्राफी, एक रात्र राहावं लागेल. घरी पेठ सांगणे."

"पुढे वाच."

"तीस डिसेंबर. रिपोर्ट दाखवले. तीन ब्लॉक. बायपास लगेच करा म्हणतात. फाइल मळ्यात मोटरीच्या खोलीत." दिशाने बोटाने जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल पुढे सरकवले. मे महिना आला. आठ तारखेला पिवळी पट्टी होती, दिशाचं लग्न. त्यानंतर दहा दिवसांनी हिरवी.

"अठरा मे," ती कशीबशी म्हणाली. "बायपास. दिशाचं लग्न झाल्यावर."

आणि ती तिथेच खाली बसून रडायला लागली. दीपमालाने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. स्वतःच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अँजिओग्राफीची नळी घातली तिथली ती मनगटाची पट्टी तिला दिसत होती. तार लागली म्हणाला आणि आपण हळद लावू का म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

"आई, दर रविवारी पण आहे काहीतरी," बऱ्याच वेळाने दिशा म्हणाली. "एकवीस डिसेंबरपासून. दुपारी दोन."

"काय आहे?"

दिशाने फोन तिच्यापुढे धरला. दीपमालाने स्वतः वाचलं. दीपाला सांगणे. खाली लहान अक्षरांत, दर रविवारी. शेवट: कधीच नाही.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. जेवणं झाली की जीवन झोपायचा, वर्षानुवर्षांची सवय. पण त्या शेवटच्या रविवारांना तो झोपत नव्हता. ती भांडी आवरत असताना स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसायचा. एकदा उगाचच लसूण सोलायला घेतला त्याने. न बोलता सोलत राहिला. एक गड्डा झाला, दुसरा झाला, तिसरा घेतला. मधे एकदा "दीपा" म्हणाला. तिने वळूनही बघितलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत बसलेल्या दिशाला तिने मोठ्याने सांगितलं होतं, "तुझ्या बाबांना सांग, लसूण पुरे झाला."

तो उठला होता. पाट भिंतीला लावून, सालं गोळा करून, हात धुऊन गेला होता. दोन दिवसांनी ती विसावी पहाट.

आता तिला रडू आलं. आवाज फुटून, पोरीदेखत.

ते ओसरेपर्यंत बराच वेळ गेला. दिशाने पाणी आणून दिलं. दुपारचं जेवण कुणाला सुचलंच नव्हतं. उठून भात तरी टाकावा म्हणून दीपमाला स्वयंपाकघरात गेली आणि तेवढ्यात बाहेर ठेवलेला फोन टुणकन वाजला. टिक केल्यामुळे आता हिरवं कॅलेंडरही बोलायला लागलं होतं.

दिशा फोन घेऊन धावत दारात आली. "आई, हे दर आठवड्याला वाजणार. काढून टाकू का? फक्त आजचं काढायचं की पुढची सगळी, असं विचारतंय."

दीपमालाने घड्याळाकडे बघितलं. दोन वाजले होते.

"काही काढू नकोस," ती म्हणाली. "आण इकडे."

भिंतीला लावलेला पाट तिने घेतला आणि दारात मांडला. त्यावर फोन चौकटीला टेकवून उभा ठेवला. टोपलीतून लसणाचा गड्डा काढला आणि पाटासमोर जमिनीवर बसली. दिशा बाहेर गेली.

"बोला," दीपमाला म्हणाली, आणि तिने पहिली पाकळी सोलायला घेतली.