पालथ्या टोपलीखालचा दवाखाना

मित्रांनो, कोंबड्यांवर पालथी घालतात ना, ती बांबूची एक जुनी टोपली आहे मी. सतवासजवळच्या एका बुरडीणबाईनं गाणं गुणगुणत मला विणलं. म्हणूनच की काय, माझ्या कामट्या जरा हळव्या निघाल्या. देवासजवळच्या सोनकच्छला पार्वतीबाईंच्या अंगणात आले, त्याला नऊ वर्षं झाली. सुरुवातीला शेजारणी मला ठोकून बघत आणि म्हणत, "क्या मजबूत है, काकी!" पुढे माझी एक कामटी तुटली. "उद्या बांधू" म्हणता म्हणता दोन पावसाळे गेले.

त्याच भोकातून एका पहाटे मुंगूस आत शिरलं. आत कोंबड्यांत भोकाशीच काबरी होती. ठिपक्याठिपक्यांची, पार्वतीबाईंच्या पायांत घोटाळणारी. काबरी किंचाळली, बाई धावल्या, मुंगूस पळालं. पण काबरीच्या पाठीची कातडी तीन बोटं फाटली होती, आतलं मांस दिसत होतं. मला हात असते तर!

पार्वतीबाईंचे यजमान भगवंतराव म्हणाले, "रविवारपर्यंत दाणा टिपला तर ठीक. नाहीतर झुरवत ठेवायची नाही. कापून मोकळं करू."

इकडे भावाला भिया म्हणतात. कुंपणापलीकडून शेजारचे गणोजी हसले, "भगवंत भिया, मसाला वाटून ठेवू का?"

"आधी तुमच्या जिभेला लावते मसाला!" पार्वतीबाई उसळल्या.

या घराला एका लेपाचा भारी अभिमान. यांचे पूर्वज देवासच्या पागेत घोड्यांचे मुरगळलेले पाय हळद-चुन्यानं बरे करत. तेव्हापासून इथे कुणाला काहीही झालं, की वाटीत हळद-चुना कालवलाच. पार्वतीबाईंनी तोच लेप काबरीच्या उघड्या जखमेवर थापला. हळदीत चुना पडला, की रंग कुंकवासारखा लाल होतो. काबरी तडफडली, एकटी ओरडत राहिली, म्हणून बाईंनी मायेनं तिला बाकीच्या कोंबड्यांत सोडलं. आणि मित्रांनो, लाल दिसलं की कोंबड्या टोचतात. जिच्या पंखाला पंख लावून झोपायच्या, तिच्याच पाठीवर तुटून पडल्या.

औषधांच्या दुकानात काम करणारी सून अल्पना आवाज ऐकून बाहेर आली.

"आई, अहो हे काय! पाय मुरगळून आलेली ही मोच थोडीच आहे? उघड्या घावावर चुना जाळतो!"

"सात पिढ्यांचा लेप आहे, अल्पना."

"त्या पिढ्या घोड्यांच्या होत्या, आई. ही बिचारी सवा किलोची."

पार्वतीबाईंचे डोळे भरून आले. अल्पनानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील तसं दोघी करत गेल्या. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं लेप धुतला. जखमेत अडकलेली पिसं कातरली. टॉवेलात गुंडाळलेली काबरी मांडीवर घेऊन पार्वतीबाई गुणगुणत होत्या,

काबरी गं बाई माझी, जराशी हलू नको
झोंबेल गं औषध, माझ्यावर रुसू नको

डॉक्टरांनी सांगितलेल्या जांभळ्या औषधानं लाल झाकून टाकलं. मग मला आत, पडवीत नेलं. खाली धुतलेलं पोतं, वर माशा बसू नयेत म्हणून जुनी मच्छरदाणी. मी दवाखाना झाले! भगवंतरावांनी माझं भोक तारेनं विणून घेतलं.

सकाळ-संध्याकाळ धुणं, औषध. काबरी थेंबथेंब पाणी प्यायची, दाण्याकडे मात्र बघायची नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी भगवंतराव आले, एक हात पाठीमागे धरून. पार्वतीबाई मला घट्ट धरून बसल्या.

"अगं, बघू तर दे."

त्यांनी मला उचललं आणि पाठीमागचा हात पुढे केला. मुठीत भिजवलेला मक्याचा दलिया होता. काबरीनं एका डोळ्यानं पाहिलं आणि खट्कन त्यांच्या बोटालाच टोचलं.

"आई गं! मेलीला जोर आलाय की!" म्हणत ते हसले, पण हात काही मागे घेतला नाही. दुसऱ्या टोचीला दलिया, तिसऱ्यालाही दलिया. पार्वतीबाई पदरात तोंड लपवून रडल्या.

जखम भरायला महिना लागला. पिसं अजून तिरकी उगवतात.

मित्रांनो, घरातल्या मुक्या जिवाला लागलं, तर आधी जाणत्याला विचारा, मग हात लावा. कोंबडी आपलं दुखणं कळपापासून लपवते. दुखरी दिसली की सगळ्या टोचतील, हे तिला ठाऊक असतं. म्हणून संध्याकाळी माझ्यासारखीला पालथी घालण्याआधी क्षणभर खाली वाका, आणि एकेकीची पाठ बघा.