ट्रकमधले पाहुणे

पितांबर मुकादमाला ट्रकच्या केबिनमध्ये जागा मिळाली आणि तेव्हापासून मागे वळून बघायची त्याची सवयच सुटली. मागे होतं तरी काय? सेंटरिंगच्या फळ्या, दोरखंड, घमेली, आणि त्या पसाऱ्यावर जीव मुठीत धरून बसलेले भोकरवाडीचे मजूर. त्या मजुरांत त्याची बायको यशोदाबाईही असायची. पण मुकादम म्हटला की त्याने पुढेच बघायचं असतं, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

ट्रक बन्सीलालनानांचा. नाना धुळ्याचे ठेकेदार, आणि पिंपळनेरला त्यांनी एका गोदामाचं काम घेतलेलं. भोकरवाडी पडली कुसुंब्याच्या बाजूला. म्हणजे मजुरांनी कोंबडं आरवायच्या आत भाकरी बांधून पारापाशी जमायचं, दोन तास हाडं खिळखिळी करत जायचं, तसंच परत यायचं, आणि हजेरी कधी लागणार? तर गोदामापाशी उतरल्यावर! त्यात गाडीचा सेल्फ मेलेला. तिला रोज धक्का मारून जागं करायचं कामही याच मंडळींचं, आणि तेही फुकट. पितांबरला मात्र महिन्याचा पगार. तो केबिनमध्ये टेकला की कामावर.

शेवटी जीवरामआबा नावाच्या म्हाताऱ्या गवंड्याने पगाराच्या दिवशी नानांपुढे तोंड उघडलं. "नाना, गाडीमा जो टाइम जास, तेन्हं काय?"

"त्याचं काय?" नाना हसले. "गाडीत तुम्ही करता काय, आबा? बसता. आता बसायचेही पैसे देऊ? अहो, गाडीत तुम्ही माझे मजूर नाहीच. पाहुणे आहात पाहुणे! एसटीचं तिकीट वाचवतो मी तुमचं."

एवढ्यावर गप्प बसेल तर तो पितांबर कसला. नानांच्या शेजारी उभं राहून त्याने आपलं शेपूट जोडलंच. "हात घमेल्याले लागना का हजेरी लागनी. त्येना पहिले काही नही!"

त्याच्या या शूरपणाला कारण होतं. नानांनी त्याला शब्द दिला होता, की गोदामाचा स्लॅब बिनबोभाट पडला तर कंपाउंडच्या भिंतीचं काम पेटी ठेक्याने, म्हणजे ठेक्यातला ठेका म्हणून, त्याला द्यायचं. त्या भिंतीपुरता का होईना, पितांबर स्वतः ठेकेदार होणार होता. घरावर पाटी कुठे लावायची ते त्याने ठरवून टाकलं होतं. नानांसारखं दोन बोटांनी मिशी दाबत बोलणंही सुरू केलं होतं. ते त्याला शोभत नव्हतं, पण सांगणार कोण?

संध्याकाळी सांगणारी चुलीपुढे बसली होती. यशोदाबाईने भाकरी तव्यावर अशी आपटली की पितांबर पाटावरून सरकला.

"मना हात ते घर पासीनच घमेल्याले लागेल ऱ्हास," ती म्हणाली. "गाडीमा ठेवाले जागा नही, म्हनीसन मांडीवर लिसनी बसस मी. मंग मनी हजेरी कोठे गयी?"

"तू मधमा बोलू नको."

"आनि तुमले केबिनमा बसाना पगार भेटस ना?"

"मनं येगळं शे."

"काय येगळं शे? तुम्हीबी ते बसतसच."

पितांबरने भिंतीबद्दल, पाटीबद्दल सांगून पाहिलं. यशोदाबाईने फक्त दुसरी भाकरी थापायला घेतली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली, आणि बोलली तरी "ओ मुकादम" म्हणून. पितांबरला ते फार झोंबलं.

स्लॅबचा दिवस उजाडला. स्लॅब म्हणजे एकदा सुरू झाला की संपेपर्यंत थांबायचं नाव नाही. भाड्याचा मिक्सर आदल्या दिवशीच पिंपळनेरला पोचलेला, गोदामाचे मालक नारळ घेऊन खोळंबलेले. म्हणून नाना स्वतः केबिनमध्ये येऊन बसले. खिडकी त्यांची, स्टिअरिंग भटू ड्रायव्हरचं, आणि मधोमध गिअरच्या दांड्याला चुकवत आमचे भावी ठेकेदार.

साक्रीच्या अलीकडे हवालदाराने हात दाखवला. थोड्याच दिवसांपूर्वी त्या रस्त्यावर वऱ्हाडाचा ट्रक उलटला होता, आणि तेव्हापासून मालाच्या गाडीत माणसं दिसली की तो सोडत नव्हता. भटूने घाबरून गाडी बंदच केली.

"माझे मजूर आहेत साहेब," नाना खिडकीतून म्हणाले. "मालाबरोबर आहेत."

"कामावरचे मजूर असतील तर जा. सवाऱ्या असतील तर गाडी इथेच लागेल," हवालदार म्हणाला आणि मागे गेला. "कोण हो तुम्ही?"

फळ्यांवरून यशोदाबाईचा आवाज आला. "आम्ही पाव्हना शेतस, साहेब."

"पाहुणे? कोणाचे?"

"नानांना!" अख्खा ट्रक एका सुरात ओरडला.

"काम साइटवर सुरू व्हस," जीवरामआबांनी अदबीने समजावलं. "आते आम्ही नुसता बठेल शेतस. नानांनीच सांगेल शे."

नाना लालबुंद होऊन खाली उतरले, आणि पितांबरलाही त्यांनी दंडाला धरून ओढलं. "हा माझा मुकादम. याला विचारा. सांग रे!"

हवालदाराने पितांबरला खालीवर न्याहाळलं. "मुकादम, ही माणसं आत्ता कामावर आहेत की नाहीत?"

पितांबरने नानांकडे पाहिलं. नाना डोळ्यांनीच "हो" म्हणत होते. गाडी अडकली तर स्लॅब गेला, स्लॅब गेला की भिंत गेली, पाटी गेली. एक "हो" म्हणायचा होता फक्त. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याने मान वर करून ट्रकच्या मागच्या बाजूला पाहिलं. यशोदाबाई फळ्यांच्या टोकाला अंग चोरून बसली होती. एका हाताने दोरी धरलेली, मांडीवर घमेलं. केसांत, पापण्यांवर रस्त्याची धूळ. ती रोज अशी जाते हे त्याला माहीत होतं, पण त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"हो, कामावर आहेत," तो म्हणाला.

"कव्हयपासीन?" वरून प्रश्न आला. "जोरमा सांगा मुकादम, मांगे ऐकू येत नही!"

"गाडीत पाय ठेवला तेव्हापासून!" पितांबर ओरडला. त्याच्याच आवाजाने तो दचकला.

"शेट, खरं का हे?" हवालदाराने नानांना विचारलं.

नानांनी मिक्सरचं भाडं आठवलं, मालकाचा नारळ आठवला. "खरं," ते कसेबसे म्हणाले.

गाडी अर्थातच सुरू होईना. पण यावेळी "उतरा" म्हणावंच लागलं नाही. पटापट उड्या पडल्या, आणि हजेरीवरच्या माणसांनी असा धक्का मारला की भटूला गिअर टाकायलाही फुरसत मिळाली नाही. गाडी पुढे आणि नाना-पितांबर तिच्या मागे धोतर-पायजमा सावरत धावताहेत, हे दृश्य बघून हवालदार पोट धरून हसला.

स्लॅब झकास पडला. दिवेलागणीला जिलेब्या वाटल्या गेल्या, तेव्हा नानांनी पितांबरला बाजूला घेतलं.

"नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी गाडी सुटली असती, पितांबर. पुढचं तुला कोणी विचारलं होतं?"

"बायकोने, नाना."

भिंतीचं काम मग चाळीसगावच्या एका मिस्त्र्याला गेलं, आणि तो केबिनमध्ये बसून येऊ लागला. मजुरांना मात्र जाण्यायेण्याची पाव हजेरी जास्त मिळू लागली. नानांना काही एकदम दयेचा पाझर फुटला नव्हता. तो हवालदार रोजच वाटेत उभा असायचा, आणि यशोदाबाईचं तोंडही रोजच गाडीत असायचं, एवढंच.

भिंत गेल्याचं पितांबरला फार वाईट वाटलं. मिस्त्री आला त्या पहिल्या सकाळी तो पारापाशी आला तो खाली मान घालून. केबिनमध्ये त्याच्या जागी मिस्त्री बसलेला, आणि दार बंद होतं. तो निमूटपणे मागच्या चाकावर पाय देऊन वर चढला.

"सरका व, मुकादम बसी ऱ्हायनात," यशोदाबाई म्हणाली, आणि तिने फळीवर आपल्या शेजारी हातभर जागा केली. तो अवघडून टेकला. तिने मांडीवरचं घमेलं उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"धरा आते," ती म्हणाली. "लागनी तुमनी हजेरी."