माउसवरचा हार

समृद्धीचा हात माउसकडे गेला आणि गुरुलिंगआप्पांची काठी मध्ये आडवी आली.

"हात लावायचा न्हाय," तिचे सासरे म्हणाले. "आज दसरा हाय."

"आप्पा, बघा तर काय आलंय!"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लालभडक चौकट उघडली होती आणि स्पीकर नुसता कोकलत होता. ब्राउझर जुना झालाय, कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब अपडेट करा, नाहीतर सगळ्या फाइली नष्ट होतील, असं इंग्रजीत लिहिलेलं. खाली हिरवं बटण आणि बटणाशेजारी उलटं पळणारं घड्याळ. घड्याळात थोडीच मिनिटं उरली होती.

उमरग्यात हायवेच्या अंगाला असलेल्या या फोटो स्टुडिओत दसऱ्याचे नियम आप्पांनी घालून दिलेले होते आणि ते मोडायची कुणाची टाप नव्हती. सकाळी हत्यारांची पूजा व्हायची. हत्यारं म्हणजे कॅमेरे, दिवे, स्टँड आणि अलीकडं कॉम्प्युटरही. विभूतीची बोटं ओढून झेंडूचा हार चढला की संध्याकाळी आपट्याची पानं घरी येईपर्यंत कशालाही शिवायचं नाही. मग पहिला हात आप्पांचा. कॅमेरा रिकामाच पुजायचा, कारण रोलच्या जमान्यात आप्पा रोल काढून ठेवूनच पूजा करत; आता त्याच न्यायानं आतलं कार्ड कोरं लागायचं. कॉम्प्युटर मात्र चालू पाहिजे. "झोपलेल्याची पूजा करत्यात व्हय?" हा त्यांचा सवाल. त्यामुळं माउसलासुद्धा हार होता, आणि सकाळी आरती लावायला समृद्धीनं उघडलेलं फुकट गाण्यांचं कुठलंसं पान पडद्यावर तसंच उघडं राहिलं होतं.

"आत बारशाचे फोटो हायत," ती म्हणाली.

"मग?"

"दुसरीकडं कुठंच न्हाईत, आप्पा. कार्ड काल पुसलं. तुमीच म्हणलात, पूजेला कोरं पाहिजे."

आप्पांची काठी मात्र हलली नाही.

लोहाऱ्याच्या धुरपताबाईंच्या घरी, त्यांच्या लग्नानंतर कैक वर्षांनी, लेकीचा पाळणा हलला होता. बारशाला आतल्या खोलीत फोटोवाली बाईच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. रुद्रेशनं, म्हणजे समृद्धीच्या नवऱ्यानं, कॅमेरा बायकोच्या हातात दिला. आजवर ती अल्बमच जोडत आली होती, दुसऱ्यानं काढलेल्या फोटोंचे. आप्पा तेव्हा हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत, चष्म्याच्या काचा पुसत बसले. समृद्धी जीपनं एकटी गेली, एकटी आली, आणि परत आल्यापासून तिचा पाय जमिनीवर नव्हता. फोटोंची आणखी एक प्रत काढून ठेवायची एवढं मात्र त्या आनंदात राहून गेलं.

तिनं रुद्रेशला फोन लावला. तो आपट्याची पानं आणायला गावाकडच्या शेतात गेलेला. रिंग वाजत राहिली.

"उचलंना," ती म्हणाली. मग तिचा आवाजच फुटला. "नियम मोडू नगं म्हणता, बरोबर हाय. पण फोटो गेले तर म्या काय तोंड दाखवू त्या माऊलीला? बारसं काय दुसऱ्यांदा व्हतंय व्हय? आणि परत कोण देईल माझ्या हातात कॅमेरा?"

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. ते निघून गेलं.

स्पीकर कोकलतच होता. आप्पांनी सुनेकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. काठी भिंतीला टेकवली. मग वाकून, दोन्ही हातांनी, देवावरचं निर्माल्य काढावं तसा माउसवरचा हार त्यांनी उतरवला.

"घे," ते म्हणाले. "दाब काय दाबायचं ते."

जन्मात न मोडलेला नियम म्हाताऱ्यानं समृद्धीच्या फोटोंसाठी मोडला होता. तिनं डोळे पुसले, माउस धरला, बाण हिरव्या बटणावर नेला आणि वेळ किती उरलाय म्हणून शेजारी पाहिलं.

घड्याळात वेळ वाढला होता.

"आप्पा, मघाशी हे संपत आलं होतं ना?"

"व्हय की. म्हणून तर हार काढला."

"मग आता परत पयल्यापासून कसं चाललंय?"

दोघंही पडद्यावर वाकले. आपण भांडत होतो तेवढ्यात घड्याळ शून्यावर येऊन गेलंय, आणि काहीच झालेलं नाही, हे समृद्धीच्या ध्यानात आलं. तिनं बाण बटणावरून बाजूला नेला आणि नीट पाहिलं. लाल चौकट गाण्याच्या पानाच्या आतच होती, पानाबाहेर तिचं काही चालत नव्हतं. वर पत्ता कुठलातरी अगम्य, ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचा तर नाहीच. खरं अपडेट असं छातीवर बसत नाही. ते कोपऱ्यात गुमान येतं आणि सवडीनं करा म्हणतं.

"हे खोटं हाय, आप्पा. ते बटण दाबलं असतं, तर मातूर खरंच सगळं गेलं असतं."

आप्पा मटकन खुर्चीत बसले. मग हसायलाच लागले.

"आणि म्या हार काढून दिला की गं त्याला!"

तिनं माउस अलगद खाली ठेवला, त्यांच्या मांडीवरचा हार उचलला आणि परत माउसवर घातला.

"कुणी न्हाय बघितलं," ती म्हणाली.

राउटरला सकाळी हार घालायचा राहिला होता, म्हणून तो बंद करून इंटरनेट तेवढं तोडता आलं. स्पीकरला हार होता, पण त्यानं सकाळी आरती म्हटल्यानं त्याची सेवा पूर्ण झाली, असा निकाल आप्पांनीच दिला आणि बटण फिरवून त्याचं तोंड बंद केलं. घड्याळ मात्र दुपारभर पळत राहिलं. शून्यावर आलं की आप्पा आतल्या खोलीकडं ओरडत, "गेलं गं परत सगळं!" आणि समृद्धी आतून हसे.

दिवेलागणीला रुद्रेश पानं घेऊन आला. सोनं वाटून झालं, पाया पडून झालं. सगळे स्टुडिओत आले. हार उतरवायची वेळ झाली तसं आप्पांनी खुर्ची मागं ओढली आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

"पयला हात तुझा," ते सुनेला म्हणाले.

रुद्रेशनं चमकून बापाकडं पाहिलं. समृद्धी बसली. चौकटीत फुलीचं चिन्ह होतं, पण तेही त्या चोरांचंच, म्हणून तिनं त्याला न शिवता अख्खा ब्राउझर बंद केला. मग राउटर लावून ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. तो आधीपासूनच नवा होता.

बारशाचे फोटो जागच्या जागी होते. एकात धुरपताबाई पाळण्यावर वाकून बाळाकडं बघत होत्या, आणि त्यांचा अर्धा चेहरा उजळलेला होता.

आप्पा त्या फोटोवर वाकले.

"उजेड कुठनं घेतलास?"

"मागच्या दारातनं. बायकांना जरा सरका म्हणलं."

"सरकल्या?"

"सरकल्या."

"हं," म्हणत त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मग टेबलावरचा कॅमेरा उचलला, त्यातलं कोरं कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं.

"आधी ह्याच्यावर एक प्रत घे त्या फोटोंची. कोऱ्याची पूजा बास झाली. पुढल्या दसऱ्याला तुझे फोटो आत ठिवूनच हार घालू."