तेवीस किलोमीटर

त्या रविवारी केदारखेड्याच्या अंगणात बद्रीनाथ आबा गाडीभोवती फेऱ्या मारत होते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. तो लागलेला असताना हा माणूस वेशीबाहेर जाणारा नव्हता, आणि सोमवारी तर त्यांना डोळे तपासायला जालन्याला जायचं होतं.

त्यांची थोरली मुलगी वंदना सुट्टीला आलेली. तिला परतायची घाई होती. तिनं गाडीतला बिघाड वाचणारा अंगठ्याएवढा स्कॅनर स्टिअरिंगखाली खोचला. मोबाइलवर ॲक्सिलरेटर पेडलबद्दल एक ओळ उमटली. तिनं ती वाचली, आणि पुसून टाकली. दिवा गेला.

काय निघालं, आबांनी विचारलं. काही नाही, ती म्हणाली. आबा लगेच शेजारच्या मालनबाईंना सांगायला गेले. "आमच्या वंदनाबाईनं दोन मिन्टात गाडी बराबर केली. गावातला बबलू मिस्त्री असता तर आठ दिवस बोनटात डोकं घालून बसला असता."

आबांच्या जुन्या जीपमध्ये पेडलपासून इंजिनापर्यंत तार होती. पाय दाबला की ती ओढली जायची. या गाडीत तार नव्हती. पाय किती दबला, हे दोन सेन्सर संगणकाला वेगवेगळं कळवत. दोघांची साक्ष जुळली नाही, तर संगणक कुणावरच विश्वास ठेवत नाही. इंजिनाचा जोर काढून घेतो. मग पाय तळाला टेकला तरी गाडी रांगते. माणूस वाचावा म्हणून केलेली ही सोय. ओळ पुसली की तक्रार जाते, दुखणं राहतं.

सोमवारी राजूरच्या पुढे आबा ट्रॅक्टरला ओलांडायला बाहेर आले. समोरचा ट्रक लांब होता. गाडी बाजूला आली आन् तिथंच बसली, असं ट्रॅक्टरवाला नंतर सांगत होता.

आबांच्या तेराव्यानंतर जालन्याच्या गॅरेजात राधेश्याम मिस्त्रीनं चेपलेल्या गाडीच्या संगणकाला वायर जोडली.

"बिघाडाचे कोड कोणीतरी मिटवलेत," तो म्हणाला. "मिटवल्यापासून गाडी तेवीस किलोमीटर चालली."

केदारखेड्यापासून अपघाताच्या जागेपर्यंतचं अंतर कल्याणला तोंडपाठ होतं. वंदनाच्या या धाकट्या भावानं मोटारसायकलची चावी उचलली.

"बबलूच. गावात दुसरं कोन हात लावतं गाडीला? ताई, आज त्याचं दुकान ठेवत न्हाई मी."

वंदना गॅरेजच्या दारात आडवी उभी राहिली. तेरा दिवस तिनं लोकांचं सांत्वन मान खाली घालून ऐकलं होतं.

"बबलू न्हाई, कल्याण. मी मिटवलं. पेडल खराब हाये, असं त्यात लिहून आल्तं. मी वाचलं होतं. आबांनी विचारलं, तर काही न्हाई म्हणाले."