ठकीची दुसरी बोली

तबेल्याच्या नव्या कुलपाला तीन किल्ल्या. एक दादाकडे, एक वहिनीकडे, एक खरारा करणाऱ्याकडे.

दादाला गाडी लागते. तो कायम ड्रायव्हरशेजारी बसतो, लिंबू हुंगत.

बाबांच्या मृत्युपत्रात माझ्यासाठी शिलाई मशीन आहे. घोडी नाही.

लिलावाच्या आवारातल्या फळ्यावर खडूने: विकलेले जनावर पाचच्या आत आवाराबाहेर न्यावे. न नेल्यास त्याच दिवशी पुन्हा बोली.

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख एकदा खुराखाली गेलं. पुन्हा सरळ आलंच नाही.

*

ठकी ही बाबांची घोडी. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, वय बारा. बाबा घोडेस्वारीची शाळा चालवायचे. दादा कचेरी आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा, मी जनावरं. बाबा गेले आणि पंधरा दिवसांनी मी तबेल्यावर गेले, तर माझी किल्ली फिरेना. आत ठकी खिंकाळत होती, तिला माझी चाहूल कळते. वहिनी वरच्या खिडकीतून म्हणाली, "वन्सं, येण्याआधी एक फोन करत जा."

शाळा दादाच्या नावावर झालेली होतीच. घोडी मात्र बाबांच्या नावावर राहून गेली होती. वाटणी जमेना, तेव्हा वकील म्हणाला, लिलावात काढा, येतील ते निम्मे-निम्मे. मी लगेच होकार दिला. मला ठकी हवी होती.

हे खरं आहे, पण पुरतं नाही. मला दादाचं तोंड बघायचं होतं. चारचौघांत, भर दुपारी, हात चोळत उभा असलेला दादा.

*

बोली. खाली लाकडाचा भुसा, भोवती बाकं, मध्ये ठकी गोल गोल चालतेय. दादा समोरच्या बाकावर.

मी पाटी वर केली. त्याने केली. मी. तो. बाकीचे दोघे गळाले. दादाचा स्वभाव मला तोंडपाठ आहे, समोरच्याने एक म्हटलं की हा दोन म्हणणार. मी त्याला पायरी-पायरीने वर नेत राहिले आणि तो जिथे दम खाऊ लागला तिथे पाटी मांडीवर ठेवली.

"ताई, सोडलीत?" लिलाववाल्याने विचारलं.

"सोडली."

हातोडा पडला. दादा वळून हसला. "घोडामैदान जवळच होतं. बघितलंस?"

"बघतेय ना," मी म्हटलं, आणि मागच्या फाटकापाशी जाऊन एका बाकावर बसले. तिथून गाड्या भरताना नीट दिसतं.

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी.

ठकी उलटी चढते. शिंगरू असताना ती गाडीत सरळ तोंडाने चढली आणि मागचं दार निसटून तिच्या पायांवर आदळलं. तेव्हापासून अंधाऱ्या गाडीकडे तोंड केलं की ती खांब होते. मग बाबांनी तिला पाठमोरं चढायला शिकवलं. रॅम्पकडे पाठ, छातीवर हात, आणि हलक्या आवाजात "मागे, मागे." एखादी म्हातारी खुर्चीत टेकावी तशी ती सावकाश आत जाते. दहा वर्षं हे काम माझं होतं. आणि दादा पुढे, लिंबू हुंगत. मागे काय चालतं ते त्याने एकदाही उतरून पाहिलं नाही.

*

अडीच वाजता ड्रायव्हरने दोर ओढला. ठकी खांब.

तीन वाजता बादलीत दाणा. मान लांब करून तिने दाणा खाल्ला. पाय जागचे हलले नाहीत.

साडेतीनला मागून पट्टा लावून चौघांनी ढकललं. तिने दुगाण्या झाडल्या, एकाची टोपी उडाली. लोक चहाचे कप घेऊन जमले.

"घोडं कुठे पेंड खातंय हो?"

"पेंड नाही, मालकाची अब्रू खातंय!"

हशा. मी पण हसले. मुद्दाम मोठ्याने.

वहिनी माझ्याकडे आली. "वन्सं, जरा बघता का?"

"आधी फोन करत जा, वहिनी."

चार वाजून वीस मिनिटांनी दादाने चाबूक मागून घेतला. पहिल्या फटक्याला ठकी बाजूला फेकली गेली, तिचा पुढचा पाय रॅम्प आणि गाडीच्या पत्र्यामध्ये अडकला. सुटला तेव्हा गुडघ्याखालून रक्त.

मी उठले. चार पावलं गेले.

मग घड्याळ पाहिलं. अजून चाळीस मिनिटं होती.

मी परत येऊन बसले.

*

पाचला घंटा झाली. लंगडणारी, गाडीत न चढणारी घोडी. पुन्हा बोली. बाकांवर कुणी पाटी उचलली नाही, दादानेही नाही. मी पाटी एकदाच वर केली.

दोर हातात घेतला, तिला वळवलं, छातीवर तळवा ठेवला. तिचं अंग थरथरत होतं. "मागे, ठकी. मागे." तीन पायांवर भार देत ती आत गेली.

"तुला माहीत होतं," दादा म्हणाला. त्याचं तोंड हवं तसं झालं होतं. अगदी तसंच.

"दहा वर्षं गाडीच्या मागे मीच होते, दादा."

गाडी त्याने ठरवलेली, भाडं त्याने आगाऊ दिलेलं. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी रिकामी नेऊन काय करू? पत्ता सांगा, ताई." मी ठकीपाशी मागेच बसले. माझ्या घरामागच्या शेडमध्ये दोन दिवसांपासून गवत अंथरून तयार होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम शिवली, पाय दोनदा वाकवून पाहिला. म्हणाल्या, पायाची कंडरा तुटलीय. चालेल, पण आता पाठीवर कुणाला घेणार नाही. "कुणी केलं हे?"

"भावाने," मी म्हटलं.

त्या दिवशी दुपारी एक वाजता, बोली सुरू व्हायच्या आधी, दादा दोन कप चहा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला होता आणि म्हणाला होता, "ठकीला तूच ने, मी बोली लावत नाही," आणि मी म्हटलं होतं, "का रे, घाबरलास?"