तेलाचं बोट

खंडेनवमीला यंत्रांची पूजा ती चालवणाऱ्याच्या घरच्या लक्ष्मीच्या हातून व्हावी, अशी शेठांची हौस. म्हणून धसईहून भगीरथची बायको काशी कारखान्यात आली आणि तिनं लॅबमधल्या एकूणएक वस्तूला तेलाचं बोट लावून हळदकुंकू वाहिलं. भगीरथ त्या लॅबचा टेक्निशियन. भाताच्या तुसाच्या दाबून केलेल्या कांड्या बॉयलरला जळण म्हणून जायच्या आणि त्यांच्यात आच किती, हे तो मोजायचा. त्यासाठी एक जाड पोलादी भांडं होतं. त्यात कांडीचा तुकडा ठेवायचा, दाबानं ऑक्सिजन भरायचा आणि मग तुकडा पेटवायचा. सगळे त्याला बॉम्बच म्हणत.

दसऱ्यानंतर कामाला लागल्यावर भगीरथनं भांडं भरलं आणि मग त्याला खोबरेलाचा वास आला. झडपेच्या आट्यांत तेलाकुंकवाचा लाल चिखल बसला होता. दाबातल्या ऑक्सिजनला तेल भेटलं की नुसत्या घासण्यानंही भडका उडतो. भरण्याआधी आटे पुसून बघायचं काम त्याचंच, पण सुट्टीच्या आळसात ते राहिलं होतं. वायू सोडावा म्हणून त्यानं झडपेची चावी हलकेच फिरवून पाहिली, तर ती जाम. त्यानं हात काढला, सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार ओढून घेतलं.

शेठ तणतणत आले. शहापूरचा कांड्यांचा ट्रक रिपोर्टसाठी खोळंबला होता. त्यांनी फिटर चंदरला हाक मारली. चंदर भगीरथचा लहानपणापासूनचा दोस्त. अडलेलं काहीही सोडवायचं म्हटलं की याच्या अंगात यायचं. तो मोठा पाना घेऊनच आला.

"चंदर, नको. यंत्रवाल्यांचा माणूस येऊ दे."

"कुकरची झाकणं काय कमी काढलीत मी? सरक."

"आत दाब हाय रे."

"दाब तर रोजच असतो. आज काय नवीन?"

भगीरथ दारात आडवा उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. खरं कारण कळल्याशिवाय चंदर मागं हटणारा नव्हता.

"झडपेला तेल लागलंय," तो म्हणाला. "काशीनं लावलं. पूजेच्या टायमाला."

चंदरनं पाना खाली ठेवला. शेठ मात्र बरसले, "बायकांना आत घेतलंच कुणी?" पूजेचे पेढे खाताना हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

यंत्रवाल्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. जाड पत्र्याच्या आडून, लांब दांड्यानं त्यानं चावी जराजराशी सैल केली. वायू बराच वेळ फुसफुसत राहिला. मग झाकण निघालं, आणि कुणाला ओरखडाही आला नाही.

पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? काशीनं कारखाना उडवला असता, हे धसईच्या बाजारात भगीरथच्या आधी पोचलं होतं.

रात्री काशी भाकरी थापत होती. "तुमाला काय होऊ नये म्हनून लावलं होतं मी."

"ठाव हाय गो."

"चंदरभाऊ वाचले, बरं झालं." तिनं भाकरी उलटली. "पन माझं नाव कशाला घेतलंत? तुमच्याच हातून तेल लागलं म्हनायचं होतं. चंदरभाऊ तेवढ्यानं पन थांबले असते."

"त्या घाईत सुचलंच नाय," भगीरथ म्हणाला.

सुचलं होतं. दारात उभं असताना, तिचं नाव घ्यायच्या आधी, चांगलं सुचलं होतं. आणि त्याच क्षणी त्याला नोकरी आठवली होती. काशीनं एकवार त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.